पाऊस मोजून भूक ठरवू नका : उन्हाळी सुट्टीतल्या जेवणाबद्दल नाशिकच्या प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. आयुक्त, आदिवासी विकास, नाशिक

विषय : मे-जूनच्या सुट्टीत सरकारी शाळांतल्या गरजू मुलांना एक वेळचं जेवण मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

चौघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, त्याला कारण आहे. हा विषय घेऊन कुठल्याही कार्यालयात गेलं की तिथलं टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं. शाळेतला पोषण आहार शिक्षण विभागाचा, अंगणवाडीतला महिला-बालविकासचा, रेशन पुरवठा विभागाचं, आश्रमशाळा आदिवासी विकासची आणि शहरातली वस्ती महापालिकेची. सुट्टीत काही सोय होणार आहे का, असं मी अलीकडेच एका कार्यालयात विचारलं. "बाई, दुष्काळ जाहीर नाही, त्यामुळे तरतूद नाही," असं उत्तर मिळालं. उत्तर देणारे गृहस्थ सभ्य होते, चहाही पाजला त्यांनी. पण ते उत्तर घेऊन मला घरी गप्प बसता आलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त मुख्याध्यापिका. नोकरीतली बहुतेक वर्षं पेठ आणि दिंडोरी तालुक्यांत गेली. पोषण आहाराचं काम शिक्षकांना नको असतं, मलाही सुरुवातीला नको होतं. तांदळाची पोती मोजून घ्या, साठा नोंदवही लिहा, चव नोंदवहीत सही करा, रोजची ताटं ऑनलाइन भरा, आणि जेवढा वेळ उरेल तेवढ्यात शिकवा. पण त्या कामामुळे एक गोष्ट कळली, जी वर्गात फळ्यापाशी उभं राहून कळली नसती. सोमवारी तांदूळ जास्त लागतो. आमच्या स्वयंपाकी ताई रविवारनंतरच्या दिवशी न सांगता दोन मापं जास्त टाकायच्या आणि पातेलं तरी खरवडून निघायचं. एका रविवारचा हा परिणाम. मग दीड महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये शाळेत येणारं मूल काय खाऊन येत असेल, याचा हिशेब कुठल्या नोंदवहीत लिहायचा?

कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे, आपल्याला तर माझ्यापेक्षा जास्त. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 प्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी आणि अनुदानित शाळेत रोज एक वेळचं मोफत जेवण मिळण्याचा हक्क आहे, शाळेच्या सुट्ट्या सोडून. म्हणजे सुट्टीत जेवण दिलंच पाहिजे, अशी सक्ती कायद्यात नाही. पण देऊ नका, असंही त्यात कुठे लिहिलेलं नाही. आणि सुट्टीत जेवण दिलं गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत. 20 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेचं जेवण चालू ठेवायला सांगितलं. मे 2016 मध्ये न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं, आणि आठवड्यातून पाच दिवस, किमान तीन दिवस, अंडी, दूध किंवा तत्सम पौष्टिक पदार्थ द्या असंही म्हटलं. 2020 मध्ये शाळा बंद असताना केंद्राने उन्हाळी सुट्टीचाही आहार मंजूर केला. 2024 च्या उन्हाळ्यात आपल्या राज्याने दुष्काळी तालुक्यांतल्या शाळांना सुट्टीत आहार द्यायला लावला. म्हणजे यंत्रणेला हे जमतं. फक्त दर वेळी त्यासाठी दुष्काळ किंवा महामारी यावी लागते.

माझी मुख्य तक्रार इथे आहे.

2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्यात ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. त्या तालुक्यांतल्या मुलांना सुट्टीत जेवण मिळायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे तालुके त्या यादीत नव्हते, आणि सहसा नसतातच. कारण जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस तिथेच पडतो. दुष्काळ ठरवताना पाऊस, पीक, जमिनीतली ओल, भूजल हे सगळं पाहिलं जातं, आणि पावसाळ्यात सुरगाण्यात उभं राहिलं तर दुष्काळ हा शब्दही तोंडातून निघणार नाही. ते पाणी डोंगरउतारावरून नार, पार, दमणगंगेतून गुजरातकडे जातं. मार्च आला की त्याच गावांतल्या बायका तळ गाठलेल्या विहिरीत उतरून वाटीने हंडा भरतात. भात आणि नागली वर्षातून एकदाच पिकते, आणि ज्यांची शेती उतारावरचे चार तुकडे एवढीच आहे त्यांच्या कणगीत ती उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही. नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी लागते. जिल्ह्यात सुट्टीतल्या जेवणाची सगळ्यात जास्त गरज असलेली मुलं ही, आणि आपल्या निकषात सहसा न बसणारीही हीच.

कुणी म्हणेल, मे महिन्यात रानमेवा असतो. असतो ना. करवंदं असतात, आंबे असतात, मुलं दिवसभर रानात असतात आणि मजेत असतात. त्या आनंदावर पाणी टाकायची माझी अजिबात इच्छा नाही. पण करवंदांनी जीभ काळी होते, पोट भरत नाही, आणि डाळीची जागा तर ती मुळीच घेत नाहीत.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती सोडवायला नवीन इमारत लागत नाही की नवीन माणूस. अंगणवाडी वर्षाला 300 दिवस आहार देते. मे महिन्यात सेविका आणि मदतनीस आळीपाळीने सुट्टी घेतात, पण अंगणवाडी चालू राहते. आदिवासी भागात त्यावर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस आहार आणि लहान मुलांना अंडी-केळी. चांगली योजना आहे, त्यातल्या त्रुटींवर पुन्हा कधीतरी लिहीन. पण याचा अर्थ असा की पाच वर्षांची बहीण मे महिन्यात अंगणवाडीत गरम जेवते, आणि तिला कडेवर घेऊन पोहोचवायला आलेला आठ वर्षांचा भाऊ दारात उभा असतो. तो पहिलीत गेला त्या दिवशी त्याची सुट्टीतली भूक सरकारी दृष्टीने संपली. प्रत्यक्षात सेविका त्याला हाकलत नाहीत. मुठीतला घास काढून त्यालाही देतात आणि नोंद जुळवत बसतात. या बायकांना चोरून वाढायला लागू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकत नाही का?

आश्रमशाळांबद्दल थोडक्यात. तिथली मुलं वर्षभर तिथेच राहतात, तिथेच जेवतात. सुट्टी लागली की त्यांचं सगळंच जेवण घरावर येतं, तेही ज्या महिन्यांत घरात धान्य सर्वांत कमी असतं त्या महिन्यांत. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्यामुळे हा प्रश्न मुंबईला पाठवण्याआधी इथेच त्यावर बोलता येईल.

आता स्थलांतर. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात पहाटे उभं राहून पाहा. पेठ, हरसूल, त्र्यंबककडची माणसं तिथून द्राक्षबागांत जातात. एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, त्याच सुमाराला निफाड, चांदवड, येवल्याकडे उन्हाळ कांद्याची काढणी. शाळा चालू असेल तर काही आईबाप मुलांना आजीजवळ ठेवून जातात, कारण शाळेत दुपारचं जेवण तरी मिळतं. सुट्टी लागली की आजीजवळ ठेवण्यात अर्थ राहत नाही, मूल पालावर येतं. तिथे त्याचं नाव कुठल्याच पटावर नसतं. गावच्या शाळेत चूल पेटवली तरी ते मूल बागेच्या बांधावरच राहणार. म्हणून मूळ गाव आणि कामाचं गाव, दोन्हीकडे सोय लागेल. हे अवघड आहे, मान्य. पण पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव आहेत, त्यांच्या स्वयंपाकखोल्या मे महिन्यात कुलूपबंद असतात, आणि मजुरांची मुलं तिथून हाकेच्या अंतरावर असतात.

शहराचं वेगळं. फुलेनगर, गंजमाळ, भीमवाडी अशा वस्त्यांतली आई सकाळी सातला धुणीभांडी करायला निघते, बाप मजूर नाक्यावर किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांत. मूल घरात एकटं. आई दहा रुपये ठेवून जाते, त्याचं चिप्सचं पाकीट येतं. महापालिकेच्या शाळा वस्तीला लागून आहेत, जेवण शिजवणारे बचत गटही आहेत. खेड्यात जे करायला चार विभाग लागतील, ते शहरात आयुक्तसाहेबांच्या एका सहीने व्हावं.

या विषयावर बोललं की ठरलेले आक्षेप येतात. आपल्यापर्यंतही ते येत असतील, म्हणून उत्तर देते.

मुलांना जेवू घालणं आईबापांचं काम, सरकारचं नाही, हा पहिला. हाच वाद इंग्लंडमध्येही झाला होता. 2020 साली मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने, जो स्वतः शाळेतल्या मोफत जेवणावर वाढला, खासदारांना खुलं पत्र लिहिलं आणि उन्हाळी सुट्टीत जेवणाची कुपनं मिळवून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुढच्या सुट्ट्यांसाठी तीच मागणी संसदेत 322 विरुद्ध 261 मतांनी फेटाळली गेली. तेव्हाही जबाबदारी पालकांची, असंच काही खासदार म्हणाले. महिन्याच्या आत सरकारला हिवाळ्यासाठी निधी जाहीर करावा लागला. आपल्याकडे हा मुद्दा मांडणारे लोक द्राक्षबागेतली रोजंदारी किती आणि तूरडाळीचा भाव किती, हे क्वचितच एका दमात सांगू शकतात. आईबाप आपलं काम करतातच. ते करूनही ताटात भाकरी आणि चटणीच येते, ही अडचण आहे.

रेशन मोफत आहे ना, हा दुसरा. आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला 35 किलो. त्यात तांदूळ आणि गहू येतात. डाळ, तेल, भाजी येत नाही. शाळेच्या ताटात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदळाबरोबर 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत म्हणून. सुट्टीत जातं ते नेमकं हे.

मग पैसे खात्यात टाका, हा तिसरा. 2021 च्या सुट्टीचे टाकले होते. लहान वर्गांतल्या मुलामागे दीडशे रुपयांच्या घरातली रक्कम, आणि त्यासाठी मुलाच्या नावाने बँक खातं. खातं उघडायला तालुक्याला जाण्या-येण्यात आणि एका दिवसाची मजुरी बुडण्यात त्याहून जास्त गेले. तो प्रयोग पुन्हा नको.

शिक्षकांना सुट्टीत का राबवायचं, हा चौथा, आणि इथे मी शिक्षकांच्या बाजूने आहे. 2024 मध्ये दुष्काळी तालुक्यांत शिक्षकांनी कुरकुर केली ती गैर नव्हती. ऐन मे महिन्यात एकाला खिचडी मोजायला बसवायचं आणि मुलं आली नाहीत की त्यालाच विचारायचं, हे बरोबर नाही. मुलं का आली नसतील, हे विचारायला हवं होतं. भर दुपारी डांबरी रस्त्यावरून, बंद शाळेकडे, फक्त जेवायला कोण येईल? वेळ सकाळी नऊ-दहाची ठेवा. वाडी-पाड्यावर अंगणवाडी जवळ असेल तर तिथे वाढा. काम स्वयंपाकी ताई, अंगणवाडी आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या. स्वयंपाकी ताईंना मानधन वर्षातल्या दहा महिन्यांचंच मिळतं, म्हणजे मुलांबरोबर त्यांचाही उन्हाळा रिकामा जातो. एका निर्णयात दोघांची सोय होईल.

आणि पैसा. मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या एका ताटाचा साहित्यखर्च केंद्राने 6 रुपये 78 पैसे धरला, सहावी ते आठवीचा 10 रुपये 17 पैसे. सुट्टीतले जेवणाचे दिवस 40 धरले तर लहान मुलामागे 271 रुपये 20 पैसे आणि 4 किलो तांदूळ, मोठ्या मुलामागे 406 रुपये 80 पैसे आणि 6 किलो. एक हजार लहान मुलांचा संपूर्ण उन्हाळा 2 लाख 71 हजार 200 रुपयांत होतो. इंधन, मानधन, वाहतूक धरून दुप्पट करा, हवं तर तिप्पट करा. तरी शहरातल्या एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा ही रक्कम लहानच राहील.

सिंहस्थ तोंडावर आहे. 2027 च्या पर्वण्यांसाठी नाशिक-त्र्यंबकला किती माणसं येतील, त्यांच्या पाण्याचं, रस्त्यांचं, राहण्याचं काय, यावर रोज बैठका होताहेत, कोट्यवधींचे आराखडे होताहेत. व्हावेत. लाखो पाहुण्यांना उपाशी न ठेवण्याची या शहराची जुनी रीत आहे, गोदाकाठी पंगती उठतात त्या काही सरकारी आदेशाने नाही. म्हणूनच वाटतं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्याच पाड्यांवरच्या मुलांचा उन्हाळा त्याच बैठकांच्या विषयपत्रिकेत एका ओळीने तरी यावा. मात्र हे दानावर सोडू नका. तिथी भोजनाची सोय आहे, लोक वाढदिवसाला जिलेबी वाटतात, मुलं खूश होतात. जिलेबी देणारे पुष्कळ मिळतात. मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी डाळ कोण देणार, हे ठरलेलं असावं लागतं.

आता मागण्या, सरळ सांगते.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण आणि दिंडोरी तालुक्यांतल्या आदिवासी गावांत उन्हाळी सुट्टीतला आहार दुष्काळाच्या घोषणेशी न जोडता सुरू करा. राज्याकडे कायमस्वरूपी प्रस्ताव पाठवा, आणि त्याला मंजुरी येईपर्यंत या वर्षापुरता खर्च जिल्हा नियोजन समितीतून करा. पेसा, म्हणजे आदिवासी स्वशासनाचा कायदा, लागू असलेल्या गावांना मिळणारा 5 टक्के अबंध निधी यात वापरता येईल का, ते ग्रामपंचायतींना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं ग्रामसेवक मानत नाहीत, आणि लेखापरीक्षण आठवलं की त्यांचं चूक आहे असंही म्हणवत नाही.

अंगणवाडीत धाकट्या भावंडांबरोबर येणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वाढण्याची अधिकृत मुभा आणि त्यासाठीचा शिधा द्या. द्राक्ष आणि कांदा पट्ट्यातल्या निवडक शाळांच्या स्वयंपाकखोल्या सुट्टीत उघड्या ठेवा. तिथे येणाऱ्या मुलाला आधार, पटावरचं नाव, गावाचा दाखला काहीही विचारू नका. जेवायला आलेल्या मुलाची ओळख जेवणानंतर विचारली तरी चालते.

महापालिकेने वस्तीला लागून असलेल्या आपल्या शाळांची यादी करून तिथे बचत गटांमार्फत जेवण द्यावं. आश्रमशाळांतून घरी जाणाऱ्या मुलांबरोबर निदान सुट्टीपुरता कोरडा शिधा द्यावा. तांदूळ तर हवाच, पण डाळ आणि तेलही. केरळ उन्हाळी सुट्टीत मुलांना तांदूळ देतं, त्यामुळे हे जगावेगळं मागणं नाही.

आठवड्यातून किमान दोनदा अंडं, न खाणाऱ्याला केळं. राज्याने जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा वेगळा निधी बंद केला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. सुरगाण्याच्या पाड्यावर लोकसहभाग कोणाकडून मागायचा, हे सांगणाऱ्याने एकदा येऊन दाखवावं. स्वयंपाकी ताईंना मे आणि जूनचं मानधन द्या. आणि रोज किती मुलं जेवली याचा आकडा तालुकावार जाहीर करा. पहिल्या आठवड्यात तो कमीच असेल. तेवढ्यावरून प्रतिसाद नाही म्हणून योजना गुंडाळू नका.

वेळ फार नाही. 1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा असते आणि त्याच दिवशी मुलं निकाल घ्यायला शाळेत येतात. ग्रामसभेपुढे हा विषय ठेवायचं पत्र त्याआधी ग्रामपंचायतींना जावं. आणि प्रत्येक प्रगतिपुस्तकाबरोबर एक चिठ्ठी द्यावी : सुट्टीत जेवण कुठे मिळेल, किती वाजता, आणि मिळालं नाही तर कोणाला फोन करायचा. फोन नंबर चालू असावा.

या कामात माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकांचा उपयोग होत असेल तर बोलवा. पेठ आणि दिंडोरीतल्या बहुतेक पाड्यांचे रस्ते मला पाठ आहेत, आणि साठा नोंदवही अजून लिहिता येते. उत्तर लेखी द्यावं, ही विनंती. ते नकाराचं असलं तरी चालेल, फक्त त्यावर कारण आणि सही असावी.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
म्हसरूळ, नाशिक